प्रिन्स्टनची डिंकी आणि मागं मागं सरकणारं स्टेशन

नमस्कार मंडळी. आज एका स्टेशनाबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगून टाकते, स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जे येतं ना, गर्दी, धक्काबुक्की, तीन भाषांतल्या अनाउन्समेंट, त्यातलं इथं काहीही नाहीये. एक फलाट आहे, एक रूळ आहे आणि त्याच्यावर दोन डब्यांची एक गाडी दिवसभर जाते-येते, जाते-येते, बस. जाते किती लांब, तर 2.7 मैल. म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. दादरला बसलात आणि अजून पेपर उघडताय तोवर संपलाच प्रवास. अमेरिकेत रोज टाइमटेबलाप्रमाणे चालणारी सगळ्यात छोटी कम्युटर रेल्वे लाइन म्हणून हिला ओळखतात आणि लोक तिला लाडानं म्हणतात डिंकी. डिंकी म्हणजे इवलीशी, चिमुकली असंच काहीतरी.

हे स्टेशन आहे प्रिन्स्टनचं, न्यू जर्सी राज्यातलं. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या साधारण मधोमध हे गाव येतं. आइनस्टाइन 1933 साली इथं राहायला आला आणि 1955 मध्ये जाईपर्यंत इथंच राहिला, त्यामुळं गावाचं नाव आपल्याकडंही माहितीय. पण गाव म्हणून बघायला गेलात तर छोटंच, एक मुख्य रस्ता, त्याच्या एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटी. युनिव्हर्सिटी 1746 ची. या गावात ती आली 1756 ला. म्हणजे रेल्वे नावाची वस्तू जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून कॉलेज तिथं बसलेलं आहे, आणि मला वाटतं ही सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते, की रेल्वे इथं पाहुणी म्हणून आली. घरमालकीण कधी झालीच नाही.

आता बघा, असंच दुसरं एक गाव आहे पेन्सिल्व्हेनियात, ब्रिन मॉर. तिथं उलटं. रेल्वे कंपनीनं 1869 च्या सुमारास आपली लाइन सरळ करायला जमिनी घेतल्या, गावाचं जुनं नाव हम्फ्रीव्हिल होतं ते बदलून छानसं वेल्श नाव ठेवलं, आणि कॉलेज आलं 1885 ला. रेल्वे आधी, कॉलेज नंतर. अशा गावात स्टेशनला कोण हलवणार? प्रिन्स्टनमध्ये मात्र स्टेशन हललं. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा एकाच दिशेला, कॉलेजपासून लांब.

पण आधी ही चिमुकली लाइन झालीच का ते सांगते, कारण ती भानगड मजेदार आहे. 1839 साली जी पहिली रेल्वे इकडून गेली, कॅम्डन अँड ॲम्बॉय कंपनीची, ती गावाच्या खालच्या अंगाला कालव्याच्या काठानं गेली. कालवा आधीच होता ना, डेलावेअर आणि रॅरिटन नद्यांना जोडणारा, 1834 चा. मग काय, कालवा जिकडं वळेल तिकडं रूळ वळले. वळणावळणाची लाइन, वेग घ्यायला नको. म्हणून 1860 च्या दशकात कंपनीनं ठरवलं की आता लाइन सरळ करू या, आणि ती खरंच फुटपट्टी लावल्यासारखी सरळ केली, आजही न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मेन लाइन त्याच सरळ पट्ट्यावरून जाते, ॲसेला नावाची ती वेगवान गाडी तिथून सूंऽऽ करून निघून जाते आणि फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला कॉफीचा कप हलतो. पण लाइन सरळ झाली तशी ती गावापासून जवळजवळ तीन मैल लांब गेली. कॉलेजवाल्या गावाला एकदम स्टेशनच नाही! मग मेन लाइनवर एक नवीन स्टेशन केलं, प्रिन्स्टन जंक्शन, आणि तिथून गावापर्यंत हा एवढासा फाटा काढला. 1865 च्या मे महिन्यात तो सुरू झाला. जुने लोक या गाडीला पीजेअँडबी म्हणायचे, म्हणजे प्रिन्स्टन जंक्शन अँड बॅक. जंक्शनला जा आणि परत या, दुसरं करणार काय बिचारी.

गाडी सुरू झाली आणि चार वर्षांत, 1869 च्या 6 नोव्हेंबरला, प्रिन्स्टनची पोरं रेल्वेनं न्यू ब्रन्सविकला रटगर्सशी मॅच खेळायला गेली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलची ही पहिली मॅच म्हणतात. 6-4 असे हरून परत आली, ते जाऊ द्या.

आता मुद्द्याचं. हे पहिलं स्टेशन होतं कुठं, तर अगदी कॉलेजच्या अंगणात. आज तुम्ही प्रिन्स्टनला गेलात तर ब्लेअर हॉल म्हणून एक इमारत दाखवतात, किल्ल्यासारखे बुरुज, मधे मोठी कमान आणि कमानीतून खाली उतरणाऱ्या रुंदच रुंद दगडी पायऱ्या. फोटो काढायची जागा आहे ती, लग्नाचे फोटो, पदवीचे फोटो, सगळे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कळेना, की एवढ्या भव्य पायऱ्या आहेत तर त्या उतरतात कुठं? खाली तर साधी वाट आहे आणि वसतिगृहाच्या भिंती. इतका थाटमाट कशासाठी? माझ्याबरोबर जी मैत्रीण होती ती तिथं नोकरी करायची, ती म्हणाली, "अगं, गाडी इथं थांबायची."

म्हणजे विचार करा. 1897 ला ही इमारत झाली. पैसे दिले जॉन इन्स्ली ब्लेअर या माणसानं, आणि हा कोण, तर रेल्वेवर अफाट पैसा कमावलेला गृहस्थ, न्यू जर्सीचाच, आणि कॉलेजचा ट्रस्टी. रेल्वेच्या पैशातून उभी राहिलेली कमान रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर! डिंकीतून उतरायचं, हातात ट्रंक घ्यायची, मान वर करायची, आणि समोर ही कमान. गावातून कॉलेजला यायचं मोठं फाटक दुसरीकडं होतं, पण गाडीनं येणाऱ्याला दार हेच. अठरा वर्षांच्या, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेल्या पोराला त्या पायऱ्या चढताना काय वाटलं असेल, सांगा बरं. मी तर पन्नाशीच्या पुढं चढले, तरी माझी छाती भरून आली, थोडी दमल्यामुळं, थोडी खरंच.

वुड्रो विल्सन हा या युनिव्हर्सिटीचा अध्यक्ष होता 1902 ते 1910, मग राज्याचा गव्हर्नर झाला आणि मग देशाचा राष्ट्राध्यक्ष. 3 मार्च 1913 ला, शपथेच्या आदल्या दिवशी, तो प्रिन्स्टनहूनच स्पेशल गाडीनं वॉशिंग्टनला गेला आणि बरोबर विद्यार्थ्यांची अख्खी फौज. ते याच स्टेशनावरून. राष्ट्राध्यक्ष घरून निघाला, स्टेशनावर गेला, गाडीत बसला! आता असं काही होणे नाही, आता हेलिकॉप्टर, पन्नास गाड्यांचा ताफा, रस्ते बंद, सगळं आलं.

आणि 1918 ला स्टेशन हललं. कॉलेज वाढत होतं, जागा हवी होती, रुळांची जागा बरोब्बर मोक्याची, मग रूळ मागं घ्या. साधारण पाव मैल दक्षिणेला नवीन स्टेशन बांधलं, दगडी, बसकं, छान होतं हां ते, आणि जुन्या रुळांच्या जागी पुढं वसतिगृहं आली. ब्लेअरच्या पायऱ्या मात्र तशाच राहिल्या, गाडी निघून गेलेल्या. आपल्याकडं नाही का, नदी पात्र बदलते आणि घाट कोरडाच राहतो, तसं.

1918 च्या त्या स्टेशनानं पुढची जवळजवळ शंभर वर्षं काढली. 1936 ला लाइनवर वीज आली. मालक बदलत गेले, पेन्सिल्व्हेनिया रेलरोड होती ती 1968 ला पेन सेंट्रल झाली, ती बुडाल्यावर 1976 ला कॉनरेल आली, मग 1983 पासून न्यू जर्सी ट्रान्झिट. मधलं एक छोटं स्टेशन होतं, पेन्स नेक, ते 1971 ला बंद झालं, तेव्हापासून गाडीला मधे थांबाच नाही. चढायचं नि उतरायचं. डबे अजूनही 1970 च्या दशकातले, ॲरो थ्री नावाचे, त्यांना वेगळं इंजिन लागत नाही, डब्याच्याच खाली मोटर, आपल्या लोकलसारखं. आत गेलात की सत्तरच्या दशकातलीच बसकण, तोच आवाज. मला आवडतं. माझ्या दिरांना मात्र नाही आवडत, ते म्हणतात म्युझियममध्ये बसल्यासारखं वाटतं.

त्या विजेवरून एक गोष्ट आहे, जरा अंगावर येणारी, पण सांगायलाच हवी. नोव्हेंबर 1990. रात्रीची वेळ, प्रिन्स्टनचे काही विद्यार्थी पार्टीहून येत होते, आणि ही डिंकी फलाटाला उभी. मागं शिडी. त्यातला एक, बी. जे. मिलर, वर चढला. टपावर उभा राहिला आणि वरच्या तारेतून 11,000 व्होल्ट त्याच्या हातातल्या घड्याळातून अंगात शिरले. तारेला हात लावायला लागत नाही बरं का, नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते, आपल्या मुंबईतसुद्धा टपावर चढणाऱ्या पोरांचं हेच होतं. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले, एक हात कोपराखाली गेला. हा मुलगा परत कॉलेजला आला, पदवी घेतली, पुढं डॉक्टर झाला आणि मरणाच्या दारातल्या पेशंटची काळजी घेणं हाच त्यानं विषय घेतला. 2015 ला त्यानं त्यावर टेड टॉक दिलं, खूप लोकांनी ऐकलंय. ती गाडी अजून तशीच उभी राहते फलाटाला, रोज. मी जेव्हा जेव्हा तिच्याकडं बघते तेव्हा आधी टपाकडंच नजर जाते.

हां, तर दुसरं सरकणं. हे अगदी अलीकडचं, आणि याच्यावरून गावात जी भांडणं झाली ना मंडळी, काय सांगू. झालं असं, की 1984 साली युनिव्हर्सिटीनं स्टेशनची इमारत आणि जागा न्यू जर्सी ट्रान्झिटकडून विकत घेतली होती, आणि त्या करारात फलाट दक्षिणेला हलवायची मुभा होती. वीस-पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षातही नव्हतं. मग युनिव्हर्सिटीनं ठरवलं की इथं कलांसाठी मोठं संकुल करायचं, नाटक, नाच, संगीत, सगळं, सुमारे 33 कोटी डॉलरचा प्रकल्प, आणि त्यासाठी स्टेशन मागं सरकवायचं. किती? तर 460 फूट.

तुम्ही म्हणाल, 460 फुटांसाठी भांडण? म्हणजे 140 मीटर. बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहून थोडं जास्त. चर्चगेटला मागच्या डब्यातून उतरून गेटापर्यंत आपण रोज याच्यापेक्षा जास्त चालतो आणि कुणाला पत्ताही नसतो. मीसुद्धा आधी हसले होते. पण लोकांचं म्हणणं ऐकलं आणि मग जरा गप्प बसले. त्यांचं म्हणणं असं, की गाडी पाच मिनिटांची आहे. पुढं जंक्शनला बदलायचं, मग न्यूयॉर्कची गाडी, तासाभराचा प्रवास. या सगळ्यात माणूस कंटाळतो कशाला? बसण्याला नाही. चालण्याला, थांबण्याला, बदलण्याला. वाहतुकीचं प्लॅनिंग करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, की गाडी बदलायची एक खेप माणसाला दहा मिनिटांच्या बसण्यापेक्षा जड जाते. त्यात थंडी, बर्फ, हातात बॅग. मग तो म्हणतो मरू दे, कारच काढतो आणि सरळ जंक्शनला पार्क करतो. आणि एकदा कार काढली की काढली. असं एकेक माणूस गळत गेला की उद्या कुणीतरी म्हणणार, डिंकीत बसतंय कोण, बंद करा.

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. रूळ उखडून तिथं बसचा रस्ता करा, नाहीतर ट्रामसारखी लाइट रेल करा, असल्या सूचना अधूनमधून येतच असतात, अजूनही येतात. एकदा रूळ गेले की परत येतात का? आपल्याकडं विदर्भातल्या लोकांना विचारा, मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला बंद पडली त्यांना.

तर लोकांनी गट केला, सभा घेतल्या, कोर्टात गेले. एक कोर्ट, दुसरं कोर्ट. निकाल युनिव्हर्सिटीच्या बाजूनं लागला. 2013 च्या ऑगस्टात जुनं स्टेशन बंद झालं, तात्पुरता फलाट अजूनच खाली टाकला, आणि 2014 च्या नोव्हेंबरात आत्ताचं नवीन स्टेशन उघडलं. रिक जॉय नावाच्या आर्किटेक्टनं केलंय, उंच छताचा वेटिंग हॉल, उभे अरुंद खांब एका ओळीत, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर आहे. दोन डब्यांच्या गाडीला एवढा देखणा हॉल म्हणजे चिमण्याला पेशवाई पगडी, पण सुंदर आहे. शेजारी वावा नावाचं चोवीस तास उघडं असलेलं दुकान आहे, ते आधीही स्टेशनपाशीच होतं, स्टेशनबरोबर तेही सरकलं, आणि रात्री दोन वाजता जागरण करणारी पोरं तिथं सँडविच घ्यायला येतात. गाडीपेक्षा त्या दुकानाला जास्त गर्दी असते असं माझं निरीक्षण आहे, बघा पटतंय का.

आणि जुनं दगडी स्टेशन? ते पाडलं नाही. तिथं आता बार आहे. नाव काय ठेवलं असेल? डिंकी. गाडी गेली पुढं आणि नाव राहिलं मागं.

एक सांगते, स्टेशन जागेवर राहिलं असतं तर काय झालं असतं याचा नमुना बघायचा असेल तर स्वार्थमोरला जा. तेही कॉलेजचं गाव, फिलाडेल्फियाजवळ, गावाला नावच कॉलेजवरून पडलं. तिथं कॉलेजच्या मुख्य इमारतीच्या दारातून एक सरळ वाट टेकडी उतरते, दोन्ही बाजूंना ओकची मोठी झाडं, आणि वाट संपते तिथं थेट स्टेशन. अजूनही. तासिका संपली, उतरत उतरत खाली आलं, गाडीत बसलं. तिथं कुणाला सांगावं लागत नाही की गाडी आहे म्हणून, ती दिसतेच रोज. प्रिन्स्टनमध्ये मला अशी मुलं भेटलीत की दोन वर्षं झाली तरी डिंकीत बसलेली नाहीत, ॲपवरून टॅक्सी बोलावतात आणि जंक्शनला जातात. त्यांना दोष नाही देत मी. जे नजरेआड, ते डोक्याबाहेर.

मधे एकदा गाडी खरंच गेलीही होती. 2018 च्या ऑक्टोबरात डिंकी बंद झाली. कारण काय, तर देशभरातल्या रेल्वेंना गाडी आपोआप थांबवणारी सुरक्षा यंत्रणा वर्षाअखेरपर्यंत बसवायचीच होती, गाड्या आणि माणसं त्या कामाला लागली, आणि अशा वेळी कात्री कुणाला लागणार, सगळ्यात छोटीला. बदली म्हणून बस. जानेवारीत चालू करू म्हणाले होते, चालू झाली 2019 च्या मे महिन्यात. त्या सात महिन्यांत गावात सगळे म्हणायचे, झालं, आता येत नाही ही. जंक्शनला आपले मराठी लोक ढिगानं असतात, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, तिकडंच राहतात, सकाळी न्यूयॉर्कच्या गाडीला उभे, तर त्यांच्यातसुद्धा पैजा लागल्या होत्या. आमच्या ओळखीचे एक काका एक डब्बा चकल्या हरले. गाडी आली!

मी मागच्या ऑक्टोबरात परत गेले होते. झाडं लाल-पिवळी झाली होती. जंक्शनला न्यूयॉर्कच्या गाडीतून उतरले, पलीकडं डिंकी उभीच होती. कंडक्टरनं तिकीट बघितलं, दार लागलं, हायवेच्या वरून गेली, कालवा ओलांडला, जरा झाडीतून गेली आणि लगेच ब्रेक. घड्याळ लावलं होतं मी, पाच मिनिटं. मग तेच घड्याळ चालू ठेवून चालत निघाले, नवीन हॉलमधून, वावाच्या समोरून, त्या बारच्या बाजूनं वर, वसतिगृहांच्या मधून, जिथून पूर्वी रूळ जायचे साधारण त्याच बाजूनं, ब्लेअरच्या पायऱ्यांपर्यंत. आठ मिनिटं. बॅग नव्हती, नाहीतर दहा.

पायरीवर बसले दम खात. खालून एक मुलगी आई-वडिलांना घेऊन आली, नवीन ॲडमिशन असावी, वडिलांच्या हातात जड सूटकेस, चाकांची, पण पायऱ्यांवर चाकांचा काय उपयोग. ते अर्ध्यावर थांबले, घाम पुसला आणि मुलीला म्हणाले, दुसरीकडून रस्ता नव्हता का? ती म्हणाली, होता ना, पण इथून यायचं असतं.